सायकलच्या फ्रेमवर ओरखडे आणि पोचे पडू नयेत म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोज कामावर सायकलने जाणारे, सुट्टीत घाट ओलांडून लांब जाणारे आणि मुलासाठी पहिली चांगली सायकल घेतलेले पालक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. नळ्यांची नावे दुकानांत रूढ आहेत तीच ठेवली आहेत. टॉप ट्यूब म्हणजे सीट आणि हँडल यांमधली आडवी दांडी, डाउन ट्यूब म्हणजे तिच्याखालची तिरकी नळी, हेड ट्यूब म्हणजे जिच्यातून पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याचा दांडा वर जातो ती पुढची आखूड नळी, आणि चेनस्टे म्हणजे पायडलपासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत जाणाऱ्या दोन बारीक नळ्या.

१. नवी सायकल आजच घरी आणली आहे. सर्वांत आधी काय करावे?

दुकानातून येताना फ्रेमवर गुंडाळलेले प्लास्टिक आणि फोम आधी काढून टाकावेत. नवेपणा टिकावा म्हणून अनेक जण ते महिनोन् महिने तसेच ठेवतात. प्रत्यक्षात त्या प्लास्टिकच्या आत धूळ आणि पाणी शिरते आणि सायकल हलेल तसे ते रंगावर घासत राहते. त्यानंतर हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून ब्रेकच्या आणि गिअरच्या केबल फ्रेमला कुठे टेकतात ते पाहावे. तेथे खडूने खूण करावी आणि पहिल्या फेरीआधीच त्या जागांवर पारदर्शक फिल्मचे लहान तुकडे चिकटवावेत. उजव्या चेनस्टेला आवरण लावावे. पहिल्या दिवशी एवढे पुरते.

२. सगळी फ्रेम झाकावी लागते का? ओरखडे नेमके कुठे पडतात?

सगळी फ्रेम झाकण्याची गरज बहुतेकांना नसते. रंग जातो तो ठरावीक जागी जातो. खडबडीत रस्त्यावर चेन वर-खाली उडते आणि उजव्या चेनस्टेवर आपटते. पुढच्या चाकाने उडवलेली खडी डाउन ट्यूबच्या खालच्या बाजूला आणि पायडलच्या धुऱ्याभोवतीच्या जाड भागाला लागते. हेड ट्यूबवर केबल घासतात. टॉप ट्यूबला भिंत, खांब आणि शेजारची सायकल लागते. सीटपासून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या सीटस्टे या नळ्यांवर कॅरिअरच्या पट्ट्या आणि बॅगांचे कोपरे घासतात.

आपली सायकल नेमकी कुठे घासते, हे मात्र आपल्यालाच पाहावे लागते. महिनाभर वापरल्यानंतर सायकल धुवून उन्हात उभी करावी आणि फ्रेमकडे तिरप्या नजरेने पाहावे. जेथे रंगाची चमक गेलेली दिसते, तेथेच पुढे ओरखडा उमटणार असतो. झाकायची जागा तीच.

३. चेनस्टेला पंक्चरची जुनी ट्यूब गुंडाळली तर चालते का?

चालते, आणि चेनचा आघात झेलण्यासाठी रबरासारखे स्वस्त साधन दुसरे नाही. मात्र स्टीलच्या फ्रेमच्या बाबतीत एक धोका आहे, आणि तो मी माझ्याच सायकलवर अनुभवलेला आहे. एका जूनमध्ये मी चेनस्टेवर ट्यूब घट्ट गुंडाळली, दोन्ही टोके प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळली आणि पावसाळाभर ती सायकल वापरली. दिवाळीच्या आधी ट्यूब सोडवली, तेव्हा नळीवर तपकिरी रंगाची नागमोडी रेघ उमटलेली होती. ट्यूबचे वेढे जेथे एकमेकांवर चढले होते, तेथे पाणी अडकून राहिले होते आणि गंज त्याच वेढ्यांच्या वाटेने फिरला होता. नखाने खरवडताच रंगाचे पोपडे सुटले. खाली धातूवर खडबडीत खळगे पडलेले बोटाला जाणवत होते.

म्हणून स्टीलच्या फ्रेमवर आधी पारदर्शक फिल्म चिकटवावी आणि तिच्यावर ट्यूब गुंडाळावी. वेढे पुढून सुरू करून मागे नेऊ नयेत. ते मागच्या चाकाकडून पुढे आणावेत, म्हणजे पुढचा वेढा मागच्यावर चढतो आणि समोरून येणारे पाणी जोडाच्या आत ढकलले जात नाही. पावसाळ्यात महिन्यातून एकदा ट्यूब सोडवून नळी पुसावी. हे जमणार नसेल, तर एका बाजूने उघडता येणारे निओप्रीनचे, म्हणजे मऊ रबरी कापडाचे, आवरण घ्यावे. तेही पाणी धरतेच, पण काढायला आणि वाळवायला क्षणभर लागतो. अॅल्युमिनियमच्या फ्रेमला तांबडा गंज धरत नाही, तरी समुद्राजवळ राहणाऱ्यांनी प्रश्न १२ पाहावा.

४. रेडियमच्या दुकानात मोटारसायकलला लॅमिनेशन करतात, तेच सायकलला करून घ्यावे का? ते आणि पीपीएफ यांत फरक काय?

रेडियमच्या दुकानांत वापरतात ती पारदर्शक फिल्म बहुधा पीव्हीसीची असते. ती स्वस्त असते, पण उन्हाने पिवळी पडते, कडक होते आणि गोल नळीवर तिच्या कडा उचलतात. पीपीएफ म्हणजे पॉलियुरेथेनची फिल्म. हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळूने झिजू नयेत म्हणून वापरल्या जाणाऱ्या फिल्मचेच हे पुढचे रूप आहे आणि त्यामुळे सायकलवाले तिला अजूनही हेलिकॉप्टर टेप म्हणतात. ती ताणली जाते, आघात शोषून घेते आणि वाकलेल्या जागी नीट बसते. मोटारींसाठीची पीपीएफ साधारण ०.१५ ते ०.२ मिलिमीटर जाड असते आणि सायकलला तेवढी पुरते. मोटारींना पीपीएफ लावणाऱ्यांकडे कापून उरलेले तुकडे असतात. सायकलच्या पाच-सहा जागांसाठी ते तुकडे पुरेसे होतात आणि मागितल्यास ते बहुधा देतात.

माझे मत विचाराल, तर ऊन लागत नाही अशा डाउन ट्यूबच्या पोटाला पीव्हीसीही चालेल. हेड ट्यूब आणि टॉप ट्यूब येथे मात्र पीपीएफच लावावी.

५. फिल्म घरी लावताना बुडबुडे राहतात आणि कडा सुटतात. योग्य पद्धत कोणती?

जागा साबणाच्या पाण्याने धुवून वाळवावी आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, कारण चेनच्या तेलाचा अदृश्य थर राहिला तर काहीही चिकटत नाही. तुकडा कापताना चारही कोपरे गोल करावेत, कारण फिल्म सुटते ती नेहमी टोकदार कोपऱ्यापासून. फवारणीच्या बाटलीत पाणी घेऊन त्यात लहान मुलांच्या शाम्पूचे चार-पाच थेंब टाकावेत आणि ते फ्रेमवर, फिल्मच्या चिकट बाजूवर आणि आपल्या बोटांवरही फवारावे. ओल्या पृष्ठभागावर फिल्म सरकवून जागेवर आणता येते. मग जुन्या एटीएम कार्डाला मऊ कापड गुंडाळून मध्यापासून कडेकडे पाणी दाबून काढावे. वाकणाऱ्या जागी हेअर ड्रायरची ऊब दिली की फिल्म मऊ होऊन बसते. राहिलेले पाण्याचे बारीक बुडबुडे काही दिवसांत आपोआप जातात, पण धुळीचा कण अडकला असेल तर तो जात नाही. म्हणून हे काम पंखा बंद करून घरात करावे. किमान एक दिवस सायकल धुवू नये.

६. फिल्म काढताना रंगही निघून येतो का?

कंपनीतून आलेला चांगला रंग सहसा निघत नाही, पण स्टिकर निघू शकतात. काही सायकलींवर नाव आणि नक्षी वरच्या पारदर्शक थराच्या खाली असते, तर काहींवर ती नुसती वर चिकटवलेली असते. नक्षीच्या कडेवरून नख फिरवून पाहावे. कड नखाला लागली तर नक्षी वर चिकटवलेली आहे आणि तेथे फिल्म न लावलेली बरी. काढताना फिल्म ड्रायरने कोमट करावी आणि नळीला जवळजवळ समांतर धरून सावकाश मागे ओढावी. काटकोनात झटका देऊ नये. नव्याने रंगवून घेतलेल्या फ्रेमचा रंग पूर्ण सुकायला काही आठवडे लागू शकतात, म्हणून रंगाऱ्याला विचारल्याशिवाय फिल्म लावू नये. भट्टीत भाजलेल्या पावडर कोटिंगला ही अडचण नसते.

७. सायकल रोज पुसतो, तरी सगळीकडे बारीक रेघा का दिसतात?

त्या रेघा बहुधा पुसण्यानेच येतात. कोरड्या फडक्याने धूळ पुसणे म्हणजे रंगावर अतिशय बारीक वॉटर पेपर फिरवणे होय. आधी साधे पाणी ओतून कण वाहून जाऊ द्यावेत, मग साबणाच्या पाण्याने हात फिरवावा आणि शेवटी वेगळ्या स्वच्छ कापडाने टिपावे. चेनचे फडके आणि फ्रेमचे फडके कधीही एक असू नये. पाणी हाताशी नसेल तर त्या दिवशी धूळ तशीच राहू द्यावी. पाण्याची जोरदार धार धुऱ्यांच्या बेअरिंगवर मारू नये, कारण त्यामुळे ग्रीस धुऊन निघते.

८. कॅरिअर आणि फ्रेमबॅगच्या पट्ट्यांखालचा रंग एकाच सहलीत गेला. पट्टा तर मऊ होता, मग असे कसे झाले?

घासला तो पट्टा नव्हे, पट्ट्याखाली शिरलेली माती. आंबोलीहून सावंतवाडीकडे भर पावसात उतरल्यावर मी टॉप ट्यूबवरच्या बॅगेचा पट्टा सोडला. आतल्या बाजूला तांबड्या मातीचा ओला लेप बसला होता, आणि तो दोन बोटांत चोळताच त्यातले कण कचकचले. प्रत्येक पायडलबरोबर बॅग केसभर हलत होती आणि तो लेप दिवसभर एकाच जागी रंग घासत होता. पट्ट्याच्या रुंदीएवढा रंग निस्तेज झाला होता आणि कडेला खालचा प्रायमर दिसू लागला होता.

यावर उपाय दोन आहेत आणि दोन्ही हवेत. प्रत्येक पट्ट्याखाली त्याच्यापेक्षा बोटभर रुंद फिल्म असावी, आणि पट्टा इतका आवळावा की बॅग हाताने हलवली तरी सरकू नये. लांबच्या सहलीत संध्याकाळी मुक्कामाला पट्टे सोडून ती जागा पाण्याने धुवावी. कॅरिअरच्या पट्ट्या सीटस्टेवर आवळायच्या असतील, तर त्यांच्याखाली ट्यूबचा तुकडा घालावा. मात्र कार्बनच्या नळीवर अशी पट्टी मुळीच आवळू नये.

९. सायकल नुसती उभ्या उभ्या पडली, तरी टॉप ट्यूबला पोचा आला. हे कसे टाळावे?

सायकल पडताना पुढचे चाक गर्रकन वळते आणि ब्रेकचा दांडा किंवा हँडलचे टोक टॉप ट्यूबवर आदळते. चांगल्या क्रोमोली स्टीलच्या नळीची भिंत टोकांना साधारण ०.८ ते ०.९ मिलिमीटर असते आणि मध्ये ०.५ ते ०.६ मिलिमीटरच राहते. अशा पातळ पत्र्याला एवढा आघात पोचा पाडायला पुरतो. अॅल्युमिनियमच्या हलक्या फ्रेमचेही तसेच आहे.

सायकल भिंतीला टेकवताना टॉप ट्यूब टेकवू नये. मागचे चाक आणि सीट किंवा हँडलचे टोक असे दोन आधार द्यावेत. जास्त वेळ उभी करायची असेल, तर पुढचे चाक आणि डाउन ट्यूब एका वेल्क्रो पट्ट्याने बांधावे, म्हणजे चाक वळत नाही. सरळ हँडलच्या सायकलवर ब्रेकच्या दांड्याची पकड थोडी सैल ठेवतात. हाताने जोर लावल्यावर दांडा फिरला पाहिजे, पण ब्रेक दाबताना फिरता कामा नये, इतकीच सैल. पडल्यावर दांडा फिरतो आणि फ्रेम वाचते. त्याशिवाय हँडल पूर्ण वळवून दांडा जेथे टेकतो, तेथे सिलिकॉनची जाड चकती चिकटवावी.

१०. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकली एकमेकींवर रचलेल्या असतात. कुलूप लावतानाही रंग जातो. काय करावे?

शक्य असेल तर सायकल भिंतीच्या बाजूला, चेनची बाजू भिंतीकडे करून लावावी, म्हणजे शेजारच्या सायकलचे पायडल गिअरमध्ये अडकत नाही. टॉप ट्यूबवर फोमची नळी उभी चिरून बसवावी. एसीच्या पाइपवर असते तीच ही नळी, आणि सायकल चालवताना ती काढून ठेवता येते. लोखंडी साखळीच्या कुलपावर कापडी किंवा रबरी नळी चढवलेली असावी. कुलूप हँडलला लोंबकळत ठेवून सायकल चालवू नये, कारण ते हेड ट्यूबवर सतत आपटत राहते.

११. टवका उडून लोखंड दिसत आहे. रंगाऱ्याकडे न्यावे की घरी करता येईल?

नखाएवढा टवका घरी व्यवस्थित भरता येतो. स्टीलच्या फ्रेमवर हे काम पावसाळ्याआधी करावे, कारण गंज उघड्या जागेपुरता थांबत नाही. तो भोवतालच्या चांगल्या रंगाखाली सरकतो.

टवक्याच्या कडा आणि गंज ४०० नंबरच्या वॉटर पेपरने हलके घासून काढावा, मग ६०० नंबरने कडा निमुळत्या कराव्यात. अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावे. उघड्या धातूवर प्रायमरचा पातळ थर द्यावा. त्यावर रंगाचे दोन-तीन पातळ थर टोकदार काडीने किंवा बारीक कुंचल्याने ठेवावेत आणि प्रत्येक थर सुकल्यावरच पुढचा द्यावा. एकच जाड थर दिला तर तो वरून सुकतो आणि आत ओला राहतो. शेवटी पारदर्शक थर द्यावा. नेलपॉलिश चालते का, असे नेहमी विचारले जाते. जुळणारी छटा मिळाली तर चालते, पण प्रायमरशिवाय उघड्या लोखंडावर ते फार दिवस टिकत नाही. रंग जुळला नाही म्हणून काम पुढे ढकलू नये. आज नुसता प्रायमर लागला तरी लोखंड वाचते.

१२. आम्ही समुद्राजवळ राहतो. अॅल्युमिनियमची सायकल गंजत नाही ना?

अॅल्युमिनियमवर हवेने ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच धातूचे रक्षण करतो, म्हणून साध्या ओरखड्याची चिंता नसते. मात्र खारट दमट हवेत अॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये स्टीलचा बोल्ट असेल, तर त्या दोन धातूंमध्ये विद्युतरासायनिक क्रिया सुरू होते आणि झिजते ते अॅल्युमिनियम. बाटलीच्या स्टँडच्या आणि कॅरिअरच्या बोल्टांभोवती रंगाला फोड आलेले दिसतात आणि फोडल्यावर पांढरी भुकटी निघते. अलिबाग, रत्नागिरी, मालवण किंवा गोव्यातल्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी दर सहा महिन्यांनी हे बोल्ट काढावेत, आट्यांना ग्रीस लावावे आणि परत बसवावेत. सीटचा दांडाही वर्षातून एकदा काढून ग्रीस लावावे, नाहीतर तो आतच धरतो.

स्टीलच्या फ्रेमला खरा धोका आतून असतो. सीटच्या दांड्याजवळून आत गेलेले पाणी खाली पायडलच्या धुऱ्याशी साचते. तेथे पाणी निघून जाण्याचे छिद्र असेल तर ते मातीने बुजलेले नाही ना, हे पाहावे. फ्रेम पूर्ण सुटी केली असेल, तेव्हा नळ्यांच्या आत गंजरोधक तेल फवारून घ्यावे.

१३. पोचा पडलेली सायकल चालवणे सुरक्षित आहे का?

उत्तर धातूवर आणि पोच्याच्या आकारावर अवलंबून आहे. स्टीलच्या नळीवरचा उथळ, गोलसर आणि गुळगुळीत पोचा बहुधा केवळ दिसायला वाईट असतो. पोच्यात धारदार घडी असेल, पोचा नळीचा बराचसा घेर व्यापत असेल, किंवा तो जोडाच्या अगदी जवळ असेल, तर सायकल चालवणे थांबवून जाणकाराला दाखवावी. हेड ट्यूबच्या मागे डाउन ट्यूबच्या खालच्या बाजूला रंगाला सुरकुती किंवा फुगवटा दिसला, तर समोरून धडक बसून नळी दबलेली असते, आणि ती सायकल चालवूच नये.

अॅल्युमिनियमबाबत अधिक कठोर राहावे. हा धातू वारंवारच्या ताणाने थकत जातो आणि घडीच्या जागी तडा जाऊ लागला की तो थांबत नाही. रंगावर केसासारखी रेघ दिसली, तर ती रंगाची आहे की धातूची, याचा निर्णय होईपर्यंत सायकल बाजूला ठेवावी. कार्बनसाठी पुढचा प्रश्न पाहावा.

१४. कार्बनच्या फ्रेमला ओरखडा आहे. तो रंगापुरता आहे की आत गेला आहे, हे कसे ओळखावे?

कार्बनला सहसा पोचा पडत नाही. तो एक तर तसाच राहतो किंवा आतले थर सुटतात, आणि बाहेरून दोन्ही वेळी रंग सारखाच दिसू शकतो. नाण्याने हलके ठोकत संशयित जागेवरून पुढे जावे. चांगल्या जागी आवाज टणक आणि स्वच्छ येतो, तर थर सुटलेल्या जागी तो बोदा होतो. दुसऱ्या बाजूच्या त्याच नळीवर ठोकून तुलना करावी, कारण नळीची जाडी बदलली की आवाजही बदलतो. अंगठ्याने दाबून जागा मऊ लागते का, तेही पाहावे. ओरखड्यात काळे तंतू सुटलेले दिसले, तर तो ओरखडा रंगाच्या खाली पोहोचला आहे. नाण्याची परीक्षा संशय वाढवू शकते, पण पूर्ण खात्री देत नाही. म्हणून मोठी पडझड झाली असेल, तर कार्बन दुरुस्त करणाऱ्याकडून तपासून घ्यावे.

१५. रेल्वेच्या पार्सलमध्ये किंवा मोटारीमागच्या रॅकवर सायकल नेताना काय काळजी घ्यावी?

सर्वाधिक पोचे प्रवासात पडतात, आणि ते पाडणारी वस्तू बहुतेक वेळा सायकलचाच एखादा भाग असतो. पायडल काढावेत. डावे पायडल उलट्या आट्यांचे असते, म्हणून ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटते. हँडल वळवून बांधताना हँडल आणि टॉप ट्यूब यांमध्ये जाड फोम ठेवावा. चाके काढली असतील, तर चिमट्याच्या दोन टोकांमध्ये आणि फ्रेमच्या मागच्या दोन टोकांमध्ये त्याच मापाचा लाकडी ठोकळा किंवा जुना धुरा अडकवावा. साध्या क्विक रिलीजच्या (हाताच्या खटक्याने चाक सुटणाऱ्या) सायकलला पुढे १०० मिलिमीटर, आणि मागे रोड सायकलला १३० तर माउंटन सायकलला १३५ मिलिमीटर लागतात. या आधाराशिवाय वरून पोते पडले की चिमटा आत दबतो. प्रत्येक नळीला फोम, त्यावर पुठ्ठा आणि त्यावर बारदान अशा क्रमाने गुंडाळावे, कारण नुसते बारदान ओरखडे थांबवते, पण पोचा थांबवत नाही.

मोटारीच्या रॅकवर दोन सायकली एकमेकींच्या उलट दिशेला लावाव्यात आणि त्या टेकतात तेथे फोम बांधावा. टॉप ट्यूब चिमटीत धरणारा रॅक कार्बनला आणि पातळ नळ्यांना वापरू नये. दुरुस्तीच्या स्टँडलाही हाच नियम आहे: सायकल सीटच्या दांड्याला धरून टांगावी.

१६. पोचा काढून देता येतो का?

तांबट भांड्याचा पोचा आतून ठोकून काढतो. सायकलच्या नळीत तसा आतून हात पोहोचत नाही. स्टीलच्या नळीवर तिच्या मापाचे खाचदार ठोकळे आवळून आणि फिरवून पोच्याच्या कडा खाली बसवता येतात, आणि उरलेला खळगा पुट्टी भरून रंगवता येतो. हे काम फ्रेम बांधणाऱ्या कारागिराचे आहे. अॅल्युमिनियमवर ठोकाठोक किंवा गॅसची आच देऊ नये, कारण उष्णतेने त्याची मिळवलेली ताकद जाते. मोटारींचे पोचे ओढून काढणारी चूषक साधने सायकलच्या लहान गोल नळीवर पकड घेत नाहीत.

१७. मॅट रंगाच्या फ्रेमला मेण किंवा पॉलिश लावले तर ओरखडे जातील का?

जाणार नाहीत, उलट चकाकणारे डाग राहतील. मॅट रंगाला फक्त सौम्य साबणाचे पाणी वापरावे आणि फिल्मही मॅट प्रकारचीच लावावी.

१८. वडिलांची जुनी काळी सायकल आहे. रंग बराच गेला आहे. पुन्हा रंगवावी का?

आधी गंज रंगाखाली पसरतो आहे का, ते तपासावे. कापसाच्या फडक्यावर थोडे रॉकेल घेऊन एखादी लहान जागा पुसून पाहावी. पुष्कळदा गंजासारखा दिसणारा थर हा जुन्या तेलात बसलेली धूळ असतो आणि त्याखाली काळा रंग व सोनेरी रेघा शाबूत निघतात. तसे असेल तर पूर्ण फ्रेम रंगवू नये. गेलेल्या जागा प्रश्न ११ प्रमाणे भराव्यात आणि बाकी रंगावर मोटारीच्या मेणाचा पातळ हात द्यावा. पावडर कोटिंगसाठी फ्रेम वाळूच्या माऱ्याने उघडी करतात आणि साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजतात. त्यात रेघा, कंपनीची मोहोर आणि दांडीवर बसून गेलेल्या मुलांनी झिजवलेली ती जागा, सगळे कायमचे जाते. जोड गंजले असतील तर हा मार्ग घ्यावाच लागतो, पण त्याआधी चारही बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत.